नावाची पट्टी

अक्का, नावं सापडली.

आपल्या बैठकीच्या भिंतीवर जी अकरा चिनी माणसं टांगलेली आहेत, त्यांची. म्हणजे त्यांची स्वतःची नावं नव्हेत, ती कोण लिहून ठेवणार? त्यांच्या धंद्यांची. कोण काय विकत होता, कोण काय दुरुस्त करत होता, ते सगळं प्रत्येक चित्राखाली छापलेलं. तुमच्या तेराव्याला आलेली प्राजू पुण्याला परत गेली आणि आठवडा होतो न होतो तोच तिने माझ्या मोबाइलवर एक लिंक पाठवली. "आई, आत्याची चित्रं मिळाली! बाहेरच्या कुठल्या तरी ग्रंथालयाने अख्ख्या संचाचे फोटो टाकलेत. खाली नावं आहेत बघ."

मी ती उघडली नाही. जन्मभर कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या चिकटवलेली बाई मी. बिननावाचं पुस्तक दिसलं की माझे हात शिवशिवायचे. आणि आता नावं एका बोटाच्या अंतरावर आली, तर मी मोबाइल पालथा घालून पोळ्या लाटायला गेले. तुम्ही असतात तर पोट धरून हसला असतात. "काय गं सुमन, एवढी वर्षं माझं डोकं खाल्लंस, आता उघड की!" पण तुम्ही नाही, आणि तीच तर अडचण आहे. ही नावं कळली की आपला वाद मिटणार. तो मिटला तर तुमच्याशी बोलायला माझ्याकडे काय उरतं, हे मला कळत नव्हतं.

लग्न ठरलं तेव्हा हदगावला आमच्या बायकांनी मला सासूची नाही, तुमची भीती घातली होती. थोरली नणंद, बिनलग्नाची, कमावती, त्यात मास्तरीण. "तिच्याबिगर त्या घरात पान हालत न्हाई म्हनं," मावशी म्हणाली होती, "तू आपली तोंड मिटून ऱ्हा." मी ते इमानाने पाळलं. तुम्ही तेव्हा नांदेडच्या शाळेत चित्रकला शिकवायचात. शनिवारी संध्याकाळच्या एसटीने लातूरला यायचात आणि सोमवारी पहाटे परत. तुम्ही घरात असलात की मी स्वयंपाकघर सोडायची नाही. हदगावची पोरगी मुकी निघाली की काय, अशी तुम्हाला शंका आली होती म्हणे. हे तुम्ही मला पुढे सांगितलंत, तेही भर पंगतीत.

मग एका शनिवारी तुम्ही आलात त्या रिक्षाभर चौकटी घेऊन. परीक्षेच्या कामाला हैदराबादला गेला होतात आणि तिथे फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात तुम्हाला हे सुटे कागद मिळाले होते. दोनशे वर्षांपूर्वीची चित्रं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली, वरून हाताने रंग भरलेला. एका कागदावर एकच माणूस, चीनच्या कुठल्या तरी रस्त्यावरचा, आपल्या कामात गुंतलेला. मागे घर नाही, झाड नाही, गल्ली नाही, कोरा कागद. कोऱ्या कागदावर त्याची टोपली, त्याची अवजारं आणि पायाखाली जराशी सावली.

सासूबाई नावं ठेवतील म्हणून तुम्ही कागद घरी आणलेच नाहीत. स्टँडवरून थेट गंजगोलाईच्या बाजारामागे मुनीरचाचांच्या चौकटींच्या दुकानात. काचेत बसलेली वस्तू कुणी परत कर म्हणत नाही, हा तुमचा हिशोब. चाचांच्या दुकानात दोनच प्रकारचे फोटो यायचे, देवांचे आणि वारलेल्या माणसांचे. चौकटी एकाच मापाच्या, कापून तयार. तुमचे कागद त्या मापाला चार बोटं लांब होते. तेव्हा चाचांनी जे देवांच्या कॅलेंडरांना करत आले तेच केलं. खालचा पांढरा भाग, ज्यावर बारीक इंग्रजी अक्षरं होती, तो सफाईने कापून टाकला.

पुढचा प्रसंग तुम्ही आम्हाला इतक्यांदा करून दाखवलात की मी तिथे हजर नव्हते हे मलाच आता खरं वाटत नाही. "मॅडम, नीचे की पट्टी मैली थी, निकाल दिया. अब देखो कैसा साफ आया!" तुम्ही म्हणालात, "अहो चाचा, त्यावर नावं होती!" चाचांनी एक चौकट उचलून उजेडात धरली. "आदमी तो पूरा है ना मॅडम? पाँव भी नहीं काटा." पट्ट्या तोवर केरात जाऊन केर रद्दीत गेला होता. वर प्रत्येक चौकटीला हार अडकवायला पितळेचे दोन हूक. त्यांच्या दुकानातून हुकाशिवाय चौकट बाहेर पडतच नसे.

ती नावं तुम्ही तरी वाचली होतीत का, हे मी तुम्हाला किती वेळा विचारलं असेल! "बारीक अक्षर होतं गं. मी चित्र बघत होते." एवढंच उत्तर. फुटपाथवर उभं राहून अकरा चित्रं बघितली आणि एकाचंही नाव वाचलं नाही, असं माणूस माझ्या तरी माहितीत दुसरं नाही.

भिंतीवर चित्रं लागली तेव्हा सासूबाई पदर सावरून समोर उभ्या राहिल्या. "सोयरे हायेत का कोनी?" त्यांनी विचारलं. हे हसू दाबत बाहेर गेले. मी दाराआडून बघत होते आणि तुम्ही मला हाक मारलीत. "सुमन, इकडं ये. हा काय करतो, सांग." चित्रात एक माणूस खांद्यावर कावड घेऊन निघालेला. त्या घरात मला कुणी विचारलेला तो पहिला प्रश्न, ज्याचं उत्तर भाजी, भाकरी नाहीतर चहा असं नव्हतं. मी घाबरून म्हणाले, "त्याचा खांदा दुखत असेल." तुम्ही चौकट सोडून माझ्याकडे वळलात. मला वाटलं, चुकलं. मग तुम्ही विचारलंत, "कशावरून?" मी जवळ गेले आणि बोट ठेवून दाखवलं. कावडीखाली त्याने फडक्याची घडी घातली होती. ती तुम्हालाही दिसली नव्हती. त्या शनिवारी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले ती पुन्हा तशी आत गेले नाही.

'कशावरून' हा तुमच्या घरचा कायदा. आल्यागेल्याने चित्रासमोर उभं राहायचं, हा माणूस काय करतो ते सांगायचं, आणि नुसतं सांगून चालायचं नाही, बोट ठेवायचं. देवणीच्या आत्याबाई आल्या तेव्हा मात्र कायद्याचं काही चाललं नाही. त्यांनी चौकटी बघितल्या, हूक बघितले आणि देवघरातून हळदीकुंकवाचा करंडा आणून अकराही जणांना कुंकू लावलं. "अहो आत्याबाई, ही चिनी माणसं आहेत," मी म्हणाले. "आसतील की. फोटू केलाय म्हंजे मोठीच मानसं आसतील," म्हणत त्यांनी हातही जोडले. मी ओलं फडकं घेऊन काच पुसायला निघाले तर तुम्ही मला अडवलंत. कष्टाच्या माणसांना कुंकू लागलं तर बिघडलं काय, म्हणालात. दोन काचांवर ते डाग अजून आहेत. परवा झाडताना दिसले आणि मी खाली बसून रडले, अक्का. आत्याबाईंसाठी नव्हे, तुमच्यासाठी.

लोक किती आणि काय काय सांगायचे! पाण्याचे टँकर लातूरला पुरत नव्हते त्या उन्हाळ्यात एक टँकरवाला आत आला आणि दोन बादल्या वाहणाऱ्या माणसासमोर थबकला. "ह्याच्या मागं लाइन कशी न्हाई हो?" त्याचा पहिला प्रश्न. दारावर भाजीची गाडी आणणाऱ्या कमलबाईने टोपल्यांवाल्याला ओळखलं. "भाजीवाला हाय. सांज झालीय अन् घरला निघालाय." कशावरून? "टोपल्या उलथ्या ठिवल्यात बघा एकात एक." सुताराने फुटकी भांडी पुढ्यात घेऊन बसलेल्याला सुतार ठरवलं, कारण त्याच्या हातात दोरीने फिरवायचं गिरमिट होतं. ज्याला त्याला आपलाच धंदा दिसायचा. तुम्हाला याचं भारी कौतुक. "चित्रात गिऱ्हाईक नाही ना, म्हणून जो येतो तो आत जाऊन उभा राहतो," असं तुम्ही म्हणायचात. मी म्हणायची, "आणि सगळेजण चुकीचं सांगून जातात."

कारण माझं म्हणणं साधं होतं. कुणीतरी कष्टाने शोधून, विचारून त्या माणसांचे धंदे लिहून ठेवले होते. ते मिळवावेत, कागदावर टंकून खाली लावावेत. ग्रंथालयात मी दुसरं काय करत होते? तुम्ही म्हणायचात, नाव लावलं की लोक नाव वाचतील आणि चहा कधी येतो ते बघत बसतील. मी म्हणायची, नाव माहीत नसेल तर बघणं म्हणजे नुसता टाइमपास. तुम्ही म्हणायचात, "तू पुस्तकांच्या पाठीच बघत आलीस, तुला काय कळणार." तुम्ही निवृत्त होऊन लातूरलाच राहायला आलात तेव्हापासून तर असं म्हटलं की मी दोन दिवस बोलायची नाही. तिसऱ्या दिवशी तुम्हीच विळी घेऊन माझ्यासमोर बसायचात आणि न सांगता अर्धी भाजी चिरून द्यायचात.

वादाचं मूळ होता तो चिमटेवाला. आपण त्याला तसंच म्हणायचो. खांद्यावर कावड, एका बाजूला खणांचा चौरंग, दुसऱ्या बाजूला तपेल्यासारखं भांडं. डाव्या हातात कोपरापर्यंत येईल एवढा लोखंडी चिमटा, उजव्या हातात सळई. कल्हईवाला म्हणाला, कल्हईवाला. तपेलं आहे, सांडशी आहे, अजून काय पाहिजे. शेजारच्या हाडांच्या डॉक्टरांनी चिमटा बघून मान डोलावली आणि हा आमच्यापैकीच, म्हणाले. मी पहिल्यापासून सांगत होते की हा न्हावी. खण आहेत म्हणजे बारीक हत्यारं ठेवायची सोय आहे, चौरंग बसायला आहे, भांडं गरम पाण्याचं आहे. "तुला खण दिसणारच," तुम्ही टोमणा मारलात, "ग्रंथालयातलं कार्डांचं कपाट वाटलं असेल. मग न्हाव्याला एवढा चिमटा कशाला? केस उपटायला?"

तुमचं म्हणणं वेगळंच. तुम्ही त्याची अवजारं बघतच नव्हतात. "त्याचं तोंड बघ. मिटलेलं आहे. मान बघ, वर आहे, माडीकडं. हा कुणालातरी बोलावतोय, पण तोंडाने नाही." मी विचारलं, मग चिमट्याने बोलावतोय का? तुम्ही म्हणालात, का नाही? मी हसले. लोखंड घेऊन गाणारा माणूस! भजनी मंडळातल्या गुरुजींनी तुमची बाजू घेतली तेव्हा मी म्हणाले, गुरुजींना घमेलं दाखवलं तरी ते टाळच म्हणतील.

एकदा आपण दोघी हदगावला निघालो होतो, माझ्या भाचीच्या बारशाला. नांदेडला गाडी बदलायची होती आणि मध्ये थोडा वेळ होता म्हणून तुम्ही मला तुमच्या जुन्या शाळेची गल्ली दाखवायला नेलंत. वाटेत एक रफूवाला बसला होता, कुणाच्या तरी शालीचं भोक भरत. त्याच्या मागे गिऱ्हाईक उभं, ते त्याला घरचं भांडण सांगत होतं. शेजारचा चहावाला त्यात पडला होता. एक बाई पिशवीतून काढून पुन्हा पुन्हा साडी दाखवत होती. "बघ," तुम्ही म्हणालात, "आपल्या भिंतीवरच्या माणसाला त्या कोरणाऱ्याने किती एकटं केलंय. इथं कोण एकटं आहे सांग?" आणि मग तुम्ही बघत राहिलात. त्या शालीचं भोक पुरतं बुजेपर्यंत. हदगावची गाडी गेली. आपण पोचलो तेव्हा बाळाचं नाव ठेवून झालं होतं आणि माझी बहीण माझ्यावर भडकली होती. तुम्ही तिला म्हणालात, "नाव काय, आता ते जन्मभर राहणारच आहे. आधी मला पोरगी बघू दे."

एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. मला ग्रंथालयातली नोकरी लागायची होती तेव्हा सासूबाईंनी साफ नकार दिला होता. घरात बसून तुम्ही वाटाणे सोलत होतात. मान वर न करता विचारलंत, "ती नोकरी करून घर सांभाळू शकणार नाही, हे कशावरून?" सासूबाईंनी तीन-चार कारणं सांगितली. प्रत्येक कारणाला तुमचं तेच, कशावरून. शेवटी त्याच वैतागल्या. "घाल बाई चुलीत, जाऊ दे तिला." मी त्या दिवशी तुमच्यासाठी दशम्या केल्या आणि त्यातच सगळं आलं असं धरून चालले. नाही आलं, अक्का. मला नीट शब्दांत सांगायचं होतं की माझी सगळी नोकरी, माझी पेन्शन, प्राजूला शिकवताना माझा ताठ राहिलेला कणा, हे त्या वाटाण्यांच्या दुपारचं आहे. आता सांगते आहे.

दवाखान्यात शेवटी तुमच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. बोलता यायचं नाही. मी जरा डोळा मिटला की तुम्ही हातातला स्टीलचा चमचा कॉटच्या लोखंडी नळीवर वाजवायचात. टिंग. पाणी हवं असलं की टिंग. पंखा कमी करायचा असला की टिंग. पहिल्यांदा मी दचकून उठले, तर तुम्ही चमचा तसाच वर धरून माझ्याकडे बघत होतात, मान जराशी वर, डोळ्यांत सगळा खट्याळपणा. मला कळायला थोडा वेळ लागला. चिमटेवाला! मी म्हणाले, "अक्का, हा पुरावा धरला जाणार नाही." मास्कच्या आत तुम्ही हसलात, काचेवर वाफ धरते तशी आत वाफ धरली. नर्स धावत आली की काय झालं.

त्या आवाजाची सवय अजून गेलेली नाही. शेजारी कुणाच्या हातून वाटी पडली तरी मी "आले" म्हणते. हे पेपर खाली करून माझ्याकडे बघतात. त्यांनाही ऐकू येत असणार.

तर ती लिंक. शेवटी रविवारी सकाळी चहा झाल्यावर ह्यांना बाजूला बसवून मी ती उघडली. एक ठरवलं होतं, फक्त चिमटेवाला बघायचा. बाकीची चित्रं बोटाने भराभर सरकवली, खालचा भाग तळहाताने झाकून. हे म्हणाले, "हा काय वेडेपणा?" मी म्हणाले, "तुमच्या बहिणीचा." आणि तो आला. तोच, आपलाच, फक्त त्याच्या अंगरख्याचा निळा जास्त गडद. खाली पट्टी होती. चाचांनी म्हटलं तशी मळकी.

न्हावी आहे, अक्का. रस्त्यावर फिरणारा न्हावी. मी खुर्चीवरून उठून "बघा!" असं मोठ्याने ओरडले, आणि कुणाला बघा म्हणतेय ते लक्षात येऊन परत बसले. पण पुढे अजून मजकूर होता. त्याच्या हातातलं लोखंड केस कापायचं नाही. दोन पात्यांच्या मधून सळई ओढली की ते घुमतं, आणि तो आवाज ऐकून गल्लीतले लोक दाढी करायला बाहेर येतात. तो तोंडाने ओरडत नाही. तो चिमटाच त्याच्या वतीने हाक मारतो.

मी चष्मा काढून ठेवला. ह्यांनी पट्टी पुन्हा एकदा वाचली, मग म्हणाले, "म्हणजे दोघीही बरोबर." मी म्हणाले, दोघीही अर्ध्याच. मला खण दिसले, तुम्हाला तोंड दिसलं. समोरासमोर बसून तुम्ही आणि मी इतकी वर्षं भांडलो आणि तो बिचारा एकटा दोघींचं ओझं कावडीवर घेऊन उभा होता. मला तेव्हा रडू यायला हवं होतं. पण खरं सांगते, मला फार आनंद झाला. फोन उचलून तुम्हाला सांगावं एवढा झाला, म्हणून हे लिहायला बसले.

आणि माझं एक म्हणणं अजून कायम आहे. नाव वाचल्यावर मी पुन्हा भिंतीपाशी गेले तेव्हा मला त्या सळईचं टोक पहिल्यांदा दिसलं. ते पात्यांच्या अगदी मध्ये आहे, आता ओढणार एवढ्यात. नाव कळल्यामुळेच दिसलं. तेव्हा नाव लावल्यावर माणूस बघायचं थांबतो, हे कशावरून? द्या उत्तर. बाकीच्या दहांची नावं मी उघडलेली नाहीत. प्राजू रोज विचारते. मी तिला सांगितलंय, सावकाश. टोपल्यांवाला खरंच भाजीवाला आहे का, हे कळायच्या आधी मला त्याच्या टोपल्या नीट बघायच्या आहेत.

आता तुमच्या फोटोचं सांगते. ह्यांचं म्हणणं होतं की शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून घ्यावा, त्यात चेहरा समोरून येतो. पण तेराव्याला नांदेडहून तुमची एक जुनी विद्यार्थिनी आली होती. तिने तिच्याकडचा एक फोटो आणला. चित्रकलेचा वर्ग, खिडकीपाशी तुम्ही स्टुलावर बसलेल्या, मान खाली. हातात ब्लेडचं अर्धं पातं, मांडीवर टरफलांचा ढीग. अख्ख्या वर्गाच्या पेन्सिलींना तुम्ही स्वतः टोक करायचात, कारण शार्पनरने शिसं गुदमरतं असं तुमचं मत. तोंड घट्ट मिटलेलं. मी तोच फोटो घेतला आणि गंजगोलाईमागे गेले.

दुकान आता चाचांचा मुलगा चालवतो. मोठं यंत्र आलंय, अक्षरं सोनेरी निघतात. "काकू, नाव अन् तारीख सांगा," तो म्हणाला, "खाली पट्टी टाकून देतो." मी म्हणाले, पट्टी नको. "नको कशी? कोन हायेत ते कळंल कसं?" मी म्हणाले, "बघतील की." तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग एकदम हसला. "अब्बांची गोष्ट अजून चालूच हाय का तुमच्या घरी?" चालू आहे म्हटलं. त्याने जुन्या चौकटींपैकी एक शोधून काढली, देवांच्या मापाची. फोटो खालून चार बोटं जास्त होता, तो त्याने मला विचारून कापला. हूक मात्र न विचारता लावले.

भिंतीवर चिमटेवाल्याच्या शेजारी जागा होती, तिथे तुम्ही आहात. हार घातलेला नाही. ह्यांनी थोडी कुरकुर केली, नाव नाही, कैलासवासी नाही, लोक काय म्हणतील. मग दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर वाचायची खुर्ची त्यांनी स्वतःच त्या भिंतीसमोर ओढून घेतली.

आज सकाळी कमलबाई आली. गावाला गेली होती, तुमचं तिला उशिरा कळलं. गाडी फाटकाशी लावून आत आली, डोळ्यांना पदर लावून बसली. मी पाणी दिलं. पाणी पिता पिता तिची नजर भिंतीवर गेली आणि ती उठून जवळ गेली. "अक्काच की ह्या," म्हणाली. "शेंगा सोलून राहिल्या." मला राहवलं नाही. मी विचारलं, "कशावरून?"

तिने पदर खोचला, काचेवर बोट ठेवलं. "हे बघा, मांडीवर फोलपटं." मग तिचं बोट सरकलं. "पर हातात पातं कशाला? अन् बोटं काळी का हायेत ओ?" ती अजून जवळ गेली, नाक काचेला लागेल एवढी. महिन्याभरात घरी येणारे सगळे तुमचा फोटो बघून माझ्याकडे वळत होते. ही पहिली, जी तुमच्याकडेच बघत राहिली. "थांबा, सांगू नगा," ती म्हणाली.

मी सांगितलं नाही, अक्का. तिला बघत ठेवून चहाचं आधण टाकायला आत गेले.